आपल्या पेठेचा ठेवा नोंदवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या तालमी, मंडळं, बचत गट आणि शाळांकडून गल्लीची ठेवा-नोंद करण्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठेवा म्हणजे नेमकं काय? देवळं आणि वाडे हेच ना?

तेही, पण यादी तिथे थांबली तर नोंद फसली म्हणून समजा. ज्याच्यावाचून गल्लीतल्या कुणाचं तरी रोजचं किंवा वर्षाचं काहीतरी अडेल, तो ठेवा. तो जागा असेल (पार, हौद, मैदान), माणूस असेल (बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी आजी, पुरात मोटर काढून देणारा मेकॅनिक), हुन्नर असेल (चपलेची वेणी, कोल्हापुरी साज या दागिन्याची घडण), संस्था असेल (तालीम, वाचनालय, भिशी) किंवा रीत असेल (त्र्यंबोलीची म्हणजे टेंबलाईची यात्रा, मोहरमचे पंजे, यात्रेतली उंच सासनकाठी). वय आणि सौंदर्य हे निकष नंतरचे. आधी विचारायचं ते एवढंच: उद्या हे नसलं तर कोणाचं काय अडेल? उत्तरात माणूस आला पाहिजे. "शहराची शान जाईल" हे उत्तर धरायचं नाही.

वस्तीत काय कमी आहे यापेक्षा काय आहे त्याची यादी आधी करा, ही मांडणी अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ च्या सुमारास रूढ केली. आपल्याकडे कुठलंही मंडळ गणपतीच्या आधी मांडव कोणाचा, वीज कोणाकडून, स्वयंपाकाला कोण, अशी तोंडी यादी करतंच. ती कागदावर आणायची आहे.

२. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस सगळ्यांना माहीत आहेत. ते आमच्या यादीत घ्यायचे का?

गल्लीच्या बाजूने घ्यायचे. 'रंकाळा: ऐतिहासिक तलाव' या ओळीचा कुणालाच उपयोग नाही. 'पहाटे साडेपाचला संध्यामठाच्या बाजूला आमच्या गल्लीतल्या दहा-बारा बायका चालायला जातात, कारण तिथे दिवे आहेत आणि चहाची गाडी लवकर लागते' ही नोंद झाली. यातून दिवे, गाडी आणि वाट हे तीन ठेवे निघाले, आणि तिन्ही जपता येण्याजोगे आहेत.

उलटंही घडतं. दसरा चौकाभोवतीची वसतिगृहं राजर्षी शाहूंच्या काळातल्या शैक्षणिक चळवळीतून उभी राहिली. त्यांचा उपयोग शेजारच्या घरांना थोडा आणि खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या पोरांना जास्त. म्हणजे ठेवा तुमच्या हद्दीत, पण ज्यांचा तो आहे ती माणसं हद्दीबाहेरची. अशा वेळी त्या मुलांनाही विचारायला जायचं.

३. हद्द कुठली धरायची? प्रभाग की पेठ?

पेठेतली गल्ली. प्रभागांच्या सीमा निवडणुकीगणिक बदलतात, मग पाच वर्षांनी जुनी यादी कोणत्या भागाची हेच कळत नाही. दीडशे ते दोनशे घरांचा एक तुकडा घ्या. दोन तासांत पायी फिरून होतो. तुकड्याच्या कडा लोक बोलतात तशाच लिहा: "या तिकटीपासून त्या बोळापर्यंत". सोबत मिळेल तिथे सिटी सर्व्हे नंबर टाका. दुकानाची पाटी बदलते, नंबर सहसा बदलत नाही.

शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठ एका दमात घेऊ नका. पेठ मोठी, मंडळं अनेक. पहिल्या आठवड्यातला उत्साह तिसऱ्या आठवड्यात उरत नाही.

४. सुरुवात कशी करायची? किती माणसं, किती दिवस?

सहा ते आठ माणसं आणि तीन आठवडे. त्यांत किमान तीन बायका, एक पन्नाशीपुढचं माणूस आणि एक शाळकरी पोर हवंच.

पहिला आठवडा फिरण्याचा. एकच गल्ली तीन वेळा फिरा: सकाळी सहाला, दुपारी एकला, रात्री आठला. सकाळचा दूधवाला दुपारी दिसत नाही, आणि दुपारी पारावर पत्ते खेळणारे रात्री नसतात. एकदाच, तेही रविवारी दहाला फिरलात तर यादीत फक्त इमारती येतात. हे फार वेळा होतं.

दुसरा आठवडा बसण्याचा. भागाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या. झेरॉक्सवाल्याकडे बॅनरच्या मापात स्वस्तात होतो. त्यावर ट्रेसिंग पेपर लावा म्हणजे प्रत्येक गटाचा थर वेगळा राहील. नकाशावर ठेव्याच्या जागी लावायला टिकल्यांची रंगीत पाकिटं आणा. टिकली चिकटते, काढता येते आणि कोणालाही 'वापरायची कशी' हे सांगावं लागत नाही. बायका, पोरं, म्हातारी माणसं आणि बाहेरून येऊन गल्लीत कमावणारे (गाडीवाले, भाडेकरू, कारागीर) यांच्या बैठका वेगवेगळ्या घ्या.

सगळ्यात नेमाने होणारी चूक म्हणजे तालमीत एकच मोठी सभा ठेवणं. तालमीत बायका येत नाहीत, आल्या तर दाराशी उभ्या राहतात आणि बोलतो अध्यक्षच. बायकांची बैठक हळदी-कुंकवाला, बचत गटाच्या दिवशी किंवा अंगणवाडीत घ्या.

तिसरा आठवडा पडताळण्याचा. दोन वेगळ्या माणसांनी सांगितलेलं तेवढं पक्कं, बाकीच्यापुढे फुली. काळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते शिमग्याआधी. पावसाळ्यात फिरणं होत नाही आणि गणपतीच्या आसपास मंडळाच्या कार्यकर्त्याला दुसरं काही सुचत नाही.

५. "तुमच्या गल्लीत काय मोलाचं आहे?" विचारलं की लोक गप्प बसतात. मग काय विचारायचं?

असं विचारलं तर कोणीही गप्पच बसेल. पाहुण्यासमोर बोलल्यासारखं होतं. कृतीचे प्रश्न विचारा. रात्री दोनला कोणी आजारी पडलं तर पहिलं दार कोणाचं वाजवता? घरात लग्न निघालं की कोणाकोणाला आधी सांगावं लागतं? नळाला पाणी नाही आलं तर घागर कुठे नेता? लेक माहेरी आली की गल्लीत काय बघायला जाते? पोरं शाळेतून सुटली की कुठे थांबतात, आणि कुठे थांबू नये असं तुम्ही सांगता? नवा भाडेकरू आला तर त्याला सगळ्यात आधी काय कळायला हवं?

"रात्री दोन" या प्रश्नाला आलेली नावं सहसा कुठल्याही पाटीवर नसतात. ती जपून ठेवा, पण प्रश्न ९ वाचून.

६. एका नोंदीत काय काय लिहायचं?

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर आठ गोष्टी: लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव, नेमकी जागा, काय आहे, कोण वापरतं, कधी वापरतं, कोण सांभाळतं, कशामुळे अडचणीत येऊ शकतं, कोणी सांगितलं व कोणत्या तारखेला.

यातला सहावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त रिकामा राहतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं उदाहरण घ्या. समोर धार काढलेलं ताजं दूध मिळतं हे सगळे सांगतात. पण म्हशी कुठून येतात, कट्टा कोण धुतं, शेण कोण उचलतं, जनावरांना बांधायची जागा कुठली, हे विचारा. ती बांधायची जागा गेली तर कट्टा आपोआप बंद पडेल. म्हणजे खरा जपायचा ठेवा कट्ट्यापासून लांब, एखाद्या गोठ्यात आहे. सांभाळणारा न सांगता आलेली नोंद अर्धीच धरा.

'महानगरपालिका सांभाळते' असं लिहिताना दोनदा विचार करा. रस्त्याच्या कडेचं झाड महापालिकेचं असतं, पण उन्हाळ्यात त्याला बादली घालणारा समोरचा दुकानदार असतो.

७. साल माहीत नसेल तर? सगळेच म्हणतात "शाहू महाराजांनी दिलं".

कोल्हापुरात विहिरीपासून तालमीपर्यंत निम्म्या गोष्टींना हे उत्तर मिळतं. अनेकदा ते खरं असतं, म्हणूनच पडताळणं कंटाळवाणं वाटतं. साल लिहिताना तीन पायऱ्या ठेवा: कागद किंवा कोरीव लेख बघितला; जाणत्या माणसाने सांगितलं; आपला अंदाज. तिन्ही वेगळ्या शाईने लिहा.

कागद म्हणजे मालमत्ता पत्रक (नगर भूमापन कार्यालयात नक्कल मिळते), शाळेचं जनरल रजिस्टर, तालमीची जुनी पावतीपुस्तकं, देवळातल्या घंटेवरचा किंवा पायरीवरचा मजकूर. दगडावरचं वाचताना पीठ, चुना, तेल काहीही चोळू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठतात. आणि शक लिहिला असेल तर त्यात ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत ७९), नाहीतर वास्तू पाऊणशे वर्षं म्हातारी होते.

'शेकडो वर्षांपूर्वीचं' हा शब्दप्रयोग नोंदीत बंद. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० चे आहेत, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. तारीख कळल्यामुळे त्या पुतळ्याचं मोल किती वाढतं बघा.

८. फोटो आणि जागेची खूण कशी ठेवायची?

एक लांबून, एक जवळून, एक वापर चालू असतानाचा. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. दाट वस्तीतल्या बोळात ते काही मीटर चुकतं, म्हणून कार्डावर शेजारचं ठळक ठिकाणही लिहा. जुन्या वास्तूत दार, खांब, छत यांची मापं टेपने घेऊन ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. एवढी मोठी वास्तू एका रात्रीत जळते, आणि पुन्हा उभी करायची तर फोटो आणि मापंच लागतात. गल्लीतल्या लहान वास्तूंची मापं तर कोणाकडेच नसतात.

९. माणसांची नावं आणि नंबर यादीत द्यायचे का?

दोन वह्या करा. गल्लीच्या वहीत नाव आणि नंबर, तोही विचारून. बाहेर जाणाऱ्या प्रतीत फक्त 'कुंभार गल्लीत शाडूच्या मूर्ती करणारी घरं' एवढंच. एकट्या राहणाऱ्या आजीचं नाव, वेळ आणि पत्ता भिंतीवर लावणं धोक्याचं आहे. साजाची घडण करणाऱ्या कारागिराच्या घरी दागिना असतो, त्याचं दार नकाशावर नको. औषधं, मंत्र, बाळंतपण यांचं ज्ञान असणाऱ्यांना "काय येतं" ते विचारा. कृती विचारू नका.

चपलेच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय) मिळाला. तो महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्यामुळे 'आमच्या गल्लीला जीआय आहे' असं लिहू नका. गल्लीचा ठेवा म्हणजे तिथली कातडं कमावण्याची, कापण्याची, वेणी घालण्याची माहिती असलेली माणसं. बऱ्याचदा वेणी घरातल्या बायका घालतात आणि कार्डावर नाव फक्त दुकानाचं येतं.

१०. यात्रा, मिरवणूक, पंजे यांना एक जागा नसते. नकाशावर कुठे मांडायचे?

टिकली न लावता रेघ ओढा. आषाढातल्या त्र्यंबोलीच्या यात्रेत पंचगंगेचं नवं पाणी कलशातून पी-ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या पायऱ्यांवर नेतात. तुमच्या गल्लीतून निघणारी वाट कुठून वळते, कुठे थांबते, कोण पाण्याचा तांब्या देतं, वाजवणारे कुठून येतात, हे रेघेवर लिहा. वाटेत नवा दुभाजक किंवा खाली लोंबणारी केबल आली की सासनकाठी अडते. ती जागा आधीच माहीत असली तर वायरमनला सांगता येतं.

तारखेऐवजी तिथी लिहा. पंज्यांच्या बाबतीत मोहरमचा महिना दर वर्षी साधारण अकरा दिवस आधी सरकतो, त्यामुळे 'ऑगस्टमध्ये' असं लिहिलं तर दोन-तीन वर्षांत नोंद खोटी ठरते. पंजे बसणाऱ्या तालमीत हिंदू घरांकडे कोणतं काम असतं आणि मुसलमान घरांकडे कोणतं, ही वाटणी स्वतंत्र लिहा. सांभाळण्याची कला त्या वाटणीतच असते.

११. मोकळी हवा, उजेड, आवाज हेही ठेव्यात येतं का?

येतं, आणि कोल्हापुरात याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी देवीच्या मध्यापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत ती पोहोचावीत असा क्रम. इथे ठेवा देवळाच्या आवारात मावत नाही. पश्चिमेच्या क्षितिजापर्यंतची मोकळी रेघ हा ठेवा आहे. वाटेतलं वाढीव बांधकाम, फलक, पाण्याची टाकी, इतकंच काय धुरकट हवासुद्धा त्याच्या आड येते.

तुमच्या गल्लीतही अशी रेघ असेल: गच्चीवरून दिसणारा जोतिबाचा डोंगर, पहाटे ऐकू येणारा आखाड्यातला शड्डू. लिहिताना 'कुठे उभं राहून, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला' हे तीन शब्द आले पाहिजेत.

१२. जे गेलं ते लिहायचं का? जुने तलाव, विहिरी, वेशी?

वेगळ्या थरावर लिहा, चालू यादीत मिसळू नका. गेलेल्या पाण्याच्या जागा तर आवर्जून. आजचं गांधी मैदान हे पूर्वीचं वरुणतीर्थ, आणि कपिलतीर्थ मार्केटचं नावच तिथल्या तलावाची आठवण सांगतं. तळं बुजवलं तरी उतार बुजत नाही. जोराच्या पावसात गांधी मैदानावर पाणी का साचतं याचं उत्तर नावातच आहे. गल्लीतली बुजलेली विहीर, झाकलेला ओढा, हौदाची जागा म्हाताऱ्या माणसांना नेमकी आठवते. ती दहा वर्षांनी विचारता येणार नाही, म्हणून हे काम आधी उरका.

१३. पुराच्या वेळी या यादीचा उपयोग होतो का?

होतो, फक्त ती तशी लावून ठेवलेली हवी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. प्रत्येक कार्डाच्या मागे 'पाणी किती फुटांवर असताना इथे पोहोचतं' हे लिहा. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं हे लोकांना तोंडपाठ आहे. मग उंचावरच्या कोरड्या जागा वेगळ्या रंगाने दाखवा: शाळेचा वरचा मजला, मंगल कार्यालय, तालमीचा हॉल. किल्ली कोणाकडे असते तेही.

यात कुंभारांची गोष्ट विसरू नये. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गणपतीच्या मूर्ती अर्ध्या ओल्या असताना. त्या वेळी माणसांइतकीच मूर्तींसाठी कोरडी जागा लागते. नदीकाठच्या कुंभारवस्तीची यादी करताना 'मूर्ती हलवायला हॉल आणि टेंपो' ही एक स्वतंत्र नोंद ठेवा.

१४. वाडा खासगी आहे. मालक म्हणतो नाव घालू नका, उद्या पाडता येणार नाही. खरं आहे का?

नाही. रहिवाशांच्या नोंदीला कायद्याचं बळ नाही, त्यामुळे मालकाच्या हक्कावर तिचा काही परिणाम होत नाही. वारसा वास्तूंची अधिकृत यादी वेगळी. ती विकास नियंत्रण नियमावलीखाली होते, तिला श्रेणी असतात, आणि नाव घालण्याआधी हरकती-सूचना मागवल्या जातात. राज्य संरक्षित स्मारक हा तिसरा प्रकार, त्याला १९६० चा कायदा. हे तिन्ही मालकाला आधीच समजावून सांगा, शक्यतो घरातल्या सगळ्यांसमोर. भाऊबंदकी असेल तर एकाने हो म्हटलेलं दुसऱ्याला चालत नाही.

तरीही नको म्हणाले तर आतलं काही लिहू नका. रस्त्यावरून दिसणारा सज्जा, दाराची चौकट, भिंतीतली दिवळी एवढं लिहा. आणि नोंदीच्या जोरावर पुढे अधिकृत यादीसाठी अर्ज करणार असाल तर ते आजच सांगा. मागाहून कळलं की पुढच्या गल्लीत कोणी दार उघडत नाही.

१५. जुन्या झाडाची नोंद कशी करायची?

जमिनीपासून साडेचार फुटांवर (१.३७ मीटर) खोडाचा घेर टेपने मोजा. उतारावर असेल तर वरच्या बाजूने. वडाच्या पारंब्या वगळून मूळ खोड घ्या आणि तसं लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, म्हणून घेर, जात आणि वयाबद्दलची ऐकीव माहिती तिन्ही हवीत. बुंध्याभोवती सिमेंटचा पक्का कट्टा असेल तर अडचणीच्या रकान्यात तो पहिला: मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. पार बांधताना भक्तिभावात हेच विसरलं जातं.

१६. दोन मंडळांचं पटत नाही. मोठं मंडळ सगळ्या टिकल्या आपल्याच नावावर लावतं.

पेठापेठांमधली ईर्षा फुटबॉलच्या सामन्याला शाहू स्टेडियमच्या गॅलरीत शोभते, नकाशावर नको. म्हणून मतदान घेऊ नका. प्रत्येकाला पाचच टिकल्या, प्रत्येक गटाला वेगळा रंग. शेवटी टिकल्या मोजायच्या नाहीत, रंग मोजायचे. एकाच रंगाच्या चाळीस टिकल्यांपेक्षा चार रंगांच्या सहा टिकल्या जास्त सांगतात. 'आधी कोण आलं' यावर वाद झाला तर दोन्ही दावे सांगणाऱ्यासह लिहा (प्रश्न ७ मधल्या पायऱ्या वापरून) आणि पुढे चला.

१७. एकाला ठेवा, तोच दुसऱ्याला त्रास. भेळेची गाडी, कट्टा, ढोल. मग?

दोन्ही एकाच कार्डावर लिहा. 'कोण वापरतं' खाली पोरं आणि 'अडचण' खाली समोरच्या घरातली झोप. कार्ड फाडायचं नाही आणि निकालही द्यायचा नाही. बऱ्याचदा वेळेचा प्रश्न असतो, वस्तूचा नसतो, आणि पाचवा रकाना नीट भरला की तोडगा तिथेच दिसतो.

१८. यादी झाली. आता कुठे ठेवायची, आणि किती दिवसांनी बदलायची?

बाहेरची प्रत चार ठिकाणी: तालीम, शाळा, जवळचं वाचनालय आणि महापालिकेचं विभागीय कार्यालय. कार्यालयात देताना आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या. पुढे रस्ता किंवा गटारीचं काम निघालं की "ही जागा आधीच कळवली होती" असं दाखवायला तीच कामी येते. ओढा, तळं, झाडं, देशी वाण यांच्या नोंदींची एक प्रत महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या. २००२ च्या कायद्याप्रमाणे लोक जैवविविधता नोंदवही त्यांनी ठेवायची असते.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, जुनी कार्डं घेऊन पुन्हा गल्ली फिरा. प्रत्येकावर तीनपैकी एक खूण: आहे, बदललं, बंद. बंद झालेलं कार्ड फेकू नका. मागे कारण लिहा (माणूस गेला, जागा विकली, पोरांनी शिकलं नाही) आणि प्रश्न १२ मधल्या थरात सरकवा. सांभाळणाऱ्याचं नाव बदललं असेल तर जुनं खोडू नका, त्याच्याखाली नवं लिहा.